रस्ता पुढे रेटतो

मी चिडकी बाई होते. होते म्हणजे अजूनही आहे, पण आता चिडायला समोर वर्ग नाही, म्हणून घरचे सोसतात. सत्तर-बहात्तरच्या सुमारास नागपुरात सदरकडच्या एका मुलींच्या शाळेत मी पदार्थविज्ञान शिकवत असे. गती, बल, घर्षण, तरफ, कप्पी, सगळं मला तोंडपाठ. बाईंच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते आणि पाडणारीची खैर नाही, अशी माझी ख्याती होती. ती ऐकून मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

राहायची इतवारीत, भावाकडे. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही ते इथे सांगायचं कारण नाही. इतवारीहून शाळेत जायला सायकल रिक्षा. रिक्षावाला एकच, रोजचा. सकाळी साडेदहाला दारात घंटी वाजवायचा आणि संध्याकाळी शाळेच्या फाटकाशी उभा असायचा. वाटेत रेल्वेलाइनीवरचा पूल लागे. पुलाचा चढ आला की सवारीने खाली उतरायचं, ही आमच्या गावची रीत. कोणी कोणाला सांगायचं नाही. रिक्षा मंदावली की पाय जमिनीला. रिक्षावालाही उतरून एका हाताने हँडल, एका हाताने सीट धरायचा आणि रिक्षा वर न्यायचा. सवारी बाजूने चालायची. बाहेरगावचे पाहुणे मात्र चढावरही ऐसपैस बसून राहायचे, मग आम्ही त्यांना मागून नावं ठेवायचो.

त्या शे-दीडशे पावलांत आमचं काय ते बोलणं व्हायचं. एरवी त्याची पाठ आणि माझी छत्री. तो चौथीपर्यंत शिकलेला, छप्पन साली बौद्ध दीक्षा घेतलेल्या वस्तीतला. त्याची मुलगी दीक्षेनंतर जन्मलेली, आणि या मुलीला शिकवायचं हा त्याचा एकच ध्यास. ती सातवी पास झाली तेव्हा पुलावर त्याने मला विचारलं, "बाई, माही पोट्टी हुशार हाये म्हणतेत. तुमच्या शाळेत टाकू काय?"

"टाका ना. विचारता काय?"

"नाई, तुमी जाता तिथं. तुमाले बरं वाटलं पाहिजे."

मला त्यात वाईट वाटण्यासारखं काय होतं कोण जाणे. पण एक सांगते, वाटलं. थोडंसं वाटलं. मुलगी शाळेत आली आणि बाई हिच्या बापाच्या रिक्षातून येतात हे चार दिवसांत सगळ्या शाळेला कळलं. नववीत ती माझ्या वर्गात आली तेव्हा मी मनाशी पक्कं केलं की कोणी पक्षपात केला म्हणता कामा नये. दुसरीला अर्धा मार्क सोडला तर हिला पावसुद्धा सोडायची नाही. दुसरी हळू बोलली तर "जरा मोठ्याने", ही हळू बोलली तर "तोंडात काय मूग भरलेत?" मी याला न्याय समजत होते.

मुलगी मात्र गुणाची होती. शिडशिडीत, तेल चोपडून घट्ट दोन वेण्या, आणि प्रश्न विचारायची खोड. "बाई, बस थांबली का माणूस पुढं काहून जाते?" मी सांगितलं, जडत्व. तर म्हणे, "मग बसमधल्या माणसाले कोणी ढकलत नाई, तो नुसता थांबत नाई, असंच ना?" इतकं नेमकं पुस्तकातसुद्धा नव्हतं. मी "हं" म्हणून फळ्याकडे वळले.

तेव्हा मॅट्रिक अकरावीला होती. नववीतून दहावीत जाताना पोरींच्या दोन वाटा व्हायच्या. शास्त्रात साठ मार्क असतील तर शास्त्र-गणिताची तुकडी, नाहीतर गृहशास्त्र. गृहशास्त्र वाईट होतं असं नाही, पण तिकडे गेलेल्या पोरीला पुढे डॉक्टरकी नाही, इंजिनिअरिंग नाही, बी.एस्सी.ही नाही. या मुलीला बी.एस्सी. व्हायचं होतं. माझ्यासारखं, असं तिचा बाप पुलावर म्हणाला होता.

नववीच्या वार्षिक परीक्षेचा पेपर मीच काढला. मुलींना रोजच्या व्यवहारातलं काही द्यावं म्हणून मी मोठ्या हौसेने एक प्रश्न टाकला. सायकल रिक्षा पुढे जात असताना तिच्या चाकांवर रस्त्याचे घर्षण कोणत्या दिशेने असते? आकृती काढून दाखवा. तीन मार्क. उत्तर सोपं होतं. घर्षण नेहमी गतीच्या विरुद्ध. रिक्षा पुढे, तर घर्षण मागे. तिन्ही चाकांवर मागे तोंड केलेले बाण. वर्गातल्या सगळ्या पोरींनी तसेच बाण काढले.

हिने नाही काढले. हिने वरून दिसेल तशी रिक्षा काढली होती, तीन चाकं, साखळीसुद्धा. पुढच्या चाकावर बाण मागे. मागच्या डाव्या चाकावर बाण मागे. आणि मागच्या उजव्या चाकावर बाण पुढे! खाली लिहिलं होतं: "चेन या चाकाला असते. हे चाक रस्त्याला मागे रेटते, म्हणून रस्ता याला पुढे रेटतो. बाकी दोन चाके नुसती ओढली जातात, त्यांच्यावर घर्षण मागे."

मला हसू आलं. लाल पेन्सिलीने मी ते उत्तर या टोकापासून त्या टोकापर्यंत काटलं आणि बाजूला लिहिलं, "घर्षण नेहमी गतीच्या विरुद्ध." तीनपैकी शून्य.

एवढ्यावर थांबले असते तरी ठीक. पेपर वाटायच्या दिवशी मी तो पेपर वर धरला आणि म्हणाले, "आमच्या वर्गात एक शास्त्रज्ञ आहेत. त्यांच्या रिक्षाला रस्ता ढकलतो म्हणे! मग रिक्षावाल्याने पायडल कशाला मारायचं? आरामात बसावं की!" वर्ग खदाखदा हसला. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "बाबाले सांग, उद्यापासून झोपून राहा म्हणा." त्या पोरीला मी गप्प केलं नाही. मीही हसत होते.

मधल्या सुटीत ती शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी आली, पेपर दोन्ही हातांत घट्ट धरून. "बाई, पण मागच्या पाठात तुम्हीच सांगितलं होतं, आपण भिंतीला ढकललं तर भिंतही आपल्याला ढकलते." त्या दिवसापासून माझ्याशी बोलताना ती शुद्ध बोलू लागली, एकेक शब्द जपून.

"तो पाठ वेगळा, हा वेगळा. घर्षणाच्या पाठात काय लिहिलंय?"

"गतीच्या विरुद्ध."

"मग? पुस्तकापेक्षा तू जास्त शहाणी आहेस का?"

"नाही बाई," ती म्हणाली आणि गेली. तिच्या मार्कांची बेरीज अठ्ठावन्न होती.

एप्रिलच्या शेवटी फळ्यावर यादी लागली. शास्त्राच्या तुकडीत तिचं नाव नव्हतं. त्या संध्याकाळी पुलाच्या चढावर बापाने अर्धा चढ खाली बघतच रिक्षा रेटली. मग म्हणाला, "दोन मार्कानं गेली, बाई."

"मेहनत कमी पडली असेल," मी म्हणाले.

"हौ. पडली असंन," तो म्हणाला. वर पोचल्यावर त्याने सीट पुसली आणि मला म्हणाला, "बसा."

दुसऱ्या दिवशीची गोष्ट. शाळेला सुटी लागायची होती, आम्हा शिक्षकांना निकालपत्रकासाठी जावं लागत होतं. सकाळचं ऊन असं की डांबर नरम झालेलं. पुलाशी आलो तर गर्दी. इतवारीच्या धान्यबाजारातून निघालेल्या एका बैलगाडीवरचं जवसाचं पोतं फाटलं होतं आणि चढभर जवस सांडला होता. जवस काय चीज आहे ते ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत. बारीक, चपटा, तुळतुळीत दाणा. मुठीत धरला तरी बोटांतून निसटतो. एक सायकलवाला माझ्यादेखत आडवा झाला. दोन रिक्षावाले चढाच्या मध्येच अडकून घामाघूम.

रीतीप्रमाणे मी उतरायला पाय काढला. तर हा मागे वळून म्हणाला, "नाई नाई, उतरू नका बाई. पाय घसरून राहिले लोकांचे. बसूनच राहा. आज तुमचं वजन पाहिजे."

"काय पाहिजे?" माझा पारा चढला. मी तेव्हा अंगाने भरलेली होते आणि तो विषय मी कोणाला काढू देत नसे.

"वजन, बाई. अन् उजवीकडं सरकून बसा. पार कडेले."

"काहून?" चिडले की माझ्याही तोंडून इतवारी बाहेर पडायची.

तो खाली उतरला होता. पुलाच्या तोंडाशी चहाची टपरी होती. तिथून त्याने डब्बाभर शेगडीची राख आणली आणि उजव्या चाकापुढे पट्टीसारखी पसरत पसरत वर जाऊन आला. फक्त उजव्या. डाव्या चाकापुढे चिमूटभरसुद्धा नाही.

"एकाच चाकाला काहून टाकता? दुसऱ्याने काय पाप केलं?"

तो हसला. "चेन ह्याच चाकाले हाये ना बाई. हे चाक रस्त्याले मागं रेटते, तवा रस्ता आपल्याले पुढं रेटते. जवसावर चाकाले रेटाले काही भेटतच नाई, म्हणून ते जागच्या जागी फिरून राहते. राख टाकली, वरतून तुमचं वजन ठेवलं, का त्यानं रस्ता धरला. बाकीचे दोन चाकं काय, येतेत मागं मागं. त्याइले घसरू द्या."

मग तो सीटवर चढला, उभा राहून पायडलवर सगळा भार दिला, आणि ती रिक्षा, मी आत बसलेली असताना, जवसाने भरलेल्या चढावर सरळ वर गेली. अडकलेले दोघे रिक्षावाले पाहत राहिले. खाली काहीजण "वा रे भाऊ!" म्हणून ओरडले.

माझं तिकडे लक्ष नव्हतं. तेच शब्द. चाक रस्त्याला मागे रेटते, रस्ता चाकाला पुढे रेटतो. मी ते लाल पेन्सिलीने काटले होते आणि वर्गाला हसवलं होतं. आणि मी कडेला सरकून बसले म्हणून आत्ता, याच क्षणी, तो पुढे तोंड केलेला बाण मला वर घेऊन चालला होता.

तरी मी मान्य केलं नाही. इतक्या सहज मान्य करणाऱ्यातली मी नव्हते. घरी आल्याबरोबर भावाला म्हणाले, सायकल काढ. आमच्या अंगणात गुळगुळीत फरशी होती. एक वर्तमानपत्र मागच्या चाकाखाली घातलं, एक पुढच्या. वहिनी पदर खोचून दारात येऊन उभी राहिली. "अवं बाप्पा, आता काय सायकलीले ताट वाढून राहिली काय तू?"

"गप वं जरा. दादा, पायडल मार. एकदम."

दादाने पायडल मारलं. मागच्या चाकाखालचा कागद फर्रकन मागे उडाला आणि पाण्याच्या पिंपावर जाऊन आदळला. पुढच्या चाकाखालचा कागद जिथल्या तिथे, नुसता टायरचा डाग पडलेला. आम्ही पाच वेळा केलं. पाचही वेळा मागच्याच चाकाने कागद मागे फेकला. म्हणजे ते चाक जमिनीला मागे ढकलतं. म्हणजे जमीन त्याला पुढे ढकलते. क्रिया आणि प्रतिक्रिया, मीच शिकवलेला पाठ. चाकाचा जमिनीला टेकलेला भाग मागे घसरू पाहतो आणि घर्षण त्या घसरण्याला विरोध करतं, रिक्षाच्या जाण्याला नाही. पुस्तकात एक ओळ अर्धवट होती आणि मी ती आठ वर्षं पोरींकडून घोकून घेतली होती. बी.एस्सी. झालेली मी! भैताड कुठली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी मुख्याध्यापिकांसमोर उभी राहिले. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. मी सगळं सांगितलं, जवस, राख, वर्तमानपत्र. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या इतिहासाच्या होत्या, पण माणसं त्यांना बरोबर कळायची.

"म्हणजे ती पोरगी बरोबर आणि तुम्ही चूक."

"हो."

"आणि तुम्ही वर्गात तिची टिंगल केलीत, तेही माझ्या कानावर आलंय." मी मान खाली घातली. "हे बघा. मार्कं तर द्यायलाच हवीत. पण बाईंचं उत्तरच चुकीचं होतं असं बाहेर गेलं, तर उद्या प्रत्येक पोरीचा बाप पेपर घेऊन दारात उभा राहील. बेरजेत चूक झाली म्हणा. पोरीचं काम होईल आणि तुमचंही झाकलेलं राहील. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मी काय म्हणावं? मी म्हणायला हवं होतं की नाही, वर्गासमोर सांगते. घशाशी आलंही होतं. पण त्या वर्गातले चाळीस चेहरे आठवले, ते खदाखदा हसणं आठवलं, आणि ते आता माझ्यावर उलटणार हे दिसलं. "बरं," मी म्हणाले. निकालपत्रकावर माझ्या हाताने लिहिलं, बेरजेत चूक, अठ्ठावन्नऐवजी एकसष्ट. यादीत तिचं नाव खाली शाईने जोडलं गेलं.

संध्याकाळी बाप फाटकाशी हात जोडून उभा होता. "बाई, लय उपकार झाले. तुमी पुन्हा बेरीज करून पाहिली. नाईतर कोण पाहते?"

मी "असू द्या" म्हणाले आणि रिक्षात बसले. तीन दिवसांत प्रश्न मिटला, मुलगी शास्त्राच्या तुकडीत गेली, कोणाचं काही बिघडलं नाही. मी स्वतःला असंच समजावलं आणि मला ते पटलंही.

दहावीत ती माझ्यापुढे पहिल्या बाकावर बसायची. अभ्यास चोख. वही बघावी तर छापील पुस्तक. मार्कं साठाची सत्तर झाली, सत्तरची पंचाहत्तर. फक्त तिने प्रश्न विचारणं सोडलं. वर्षभरात एकदासुद्धा "बाई, पण" असं ती म्हणाली नाही. मोठी झाली, समज आली, असं मी म्हणायची. घर्षणाचा धडा आला तेव्हा मी तो एका तासात उरकला आणि चाकाचं उदाहरण घेतलंच नाही. तिच्याकडे पाहिलंही नाही.

दहावीच्या शेवटी आमच्या भागातल्या चार शाळांची मिळून एक परीक्षा झाली. पेपर दुसऱ्या शाळेच्या सरांनी काढलेला, सोबत उत्तरांचा नमुना. तपासायचा आपापल्या शाळेने. चौथा प्रश्न वाचला आणि माझे हात थांबले. पायडल मारून चालवलेल्या सायकलच्या दोन्ही चाकांवर रस्त्याचे घर्षण कोणत्या दिशेने असते? नमुन्यात उत्तर होतं, गतीच्या विरुद्ध, मागे. त्या सरांचंही पुस्तक तेच.

मी सगळे पेपर बाजूला सारून तिचा काढला. पट्टीने काढलेली सायकल. दोन्ही चाकांवर बाण मागे. खाली सुंदर अक्षरात: "घर्षण नेहमी गतीच्या विरुद्ध दिशेने असते." तिच्या पेपरवर मी लिहिलेलंच वाक्य, फक्त आता तिच्या हातचं. नमुन्याप्रमाणे तिला पैकीच्या पैकी द्यायचे होते.

ते वाचून मला जी शरम वाटली तशी त्याआधी कधी वाटली नव्हती, नंतरही नाही. तिला कळलेलं होतं. कोणी न शिकवता, नुसतं पाहून कळलेलं होतं. ते मी पुसून काढलं होतं आणि मार्कं देऊन वर थँक्यू घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या तासाला मी दहावीची तुकडी मैदानात उभी केली. मोठ्या बाईंना सांगितलं नव्हतं. त्या आवाज ऐकून व्हरांड्यात आल्या आणि खांबाला टेकून उभ्या राहिल्या. फाटकातून मी बापाला आत बोलावलं. "रिक्षा घेऊन या. इथे, फरसबंदीवर." तो बिचारा घाबरला. "काही झालं काय बाई? पोट्टीनं काही केलं काय?"

"तिने काही केलं नाही. तुम्ही फक्त मी सांगेन तेव्हा एक पायडल मारा."

तिन्ही चाकांखाली एकेक वर्तमानपत्र घातलं. मुलगी रांगेत उभी होती, मान खाली. आपल्या बापाला असं सगळ्यांसमोर उभं केलेलं तिला अजिबात आवडलं नव्हतं, ते तिच्या कानांच्या लालीवरून दिसत होतं. "मारा," मी म्हणाले. त्याने पायडलवर पाय दाबला. उजव्या चाकाखालचा कागद मागे उडाला, पोरींच्या रांगेपर्यंत गेला. बाकीचे दोन जागीच पडून राहिले.

"पाहिलं?" मी म्हणाले. आवाज कापत होता, मी तो कापू दिला. "हे चाक रस्त्याला मागे रेटतं आणि रस्ता याला पुढे रेटतो. मागच्या वर्षी हिने पेपरात हेच लिहिलं होतं. मी ते काटलं. तिला हसले, तुम्हाला हसायला लावलं. ती बरोबर होती, मी चुकले होते. बेरजेत काही चूक नव्हती. मार्कं तिने मिळवलेली होती आणि मी ते लपवलं."

मुलीने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर हसेल. ती भडकली होती.

"मग तवाच काहून नाई सांगितलं, बाई?" शुद्ध बोलणं गेलं होतं कुठच्या कुठे.

"भ्याले मी," मी म्हणाले. "तुम्ही हसाल म्हणून भ्याले."

"वरीसभर!" ती म्हणाली. "तुमी काटलं त्या दिवशी मी घरी जाऊन बाबाले म्हटलं, तुमाले काही समजत नाई. तुमी नुसती रिक्षा चालवता. तवापासून मी त्याइले एक गोष्ट विचारली नाई अभ्यासाची." तिचा आवाज फुटला. मग ती बापाकडे वळली. तो अजून रिक्षावरच बसलेला, एक पाय पायडलवर, कुठे पाहावं ते न कळून. "बाबा, तुमाले तर माहीत होतं ना? तुमी त्या दिवशी काहून म्हटलं मले, का बाईचंच बरोबर हाये, तसंच लिहीत जा?"

तो खाली उतरला. टॉवेलने तोंड पुसलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

"बाई शिकलेल्या हायेत ना वं," तो म्हणाला.